योनीमार्गाचा कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेलाय? उपचार आहेत, कोणते, कुठे आणि किती दिवसांचे, वाचा सविस्तर

'अंगावरून जातंय' ही तक्रार आपल्याकडच्या बायका महिनोन्‌महिने अंगावर काढतात. पाळी बंद होऊन दहा वर्षे झालेली असतात, पुन्हा डाग दिसू लागतात, तरी 'उष्णता असेल' म्हणून विषय तिथेच संपतो. पुढे लघवीला त्रास सुरू होतो, कंबरेत आणि ओटीपोटात कळा येतात, जांघेत गाठ लागते. मग कुठे मोठा दवाखाना गाठला जातो आणि हातात कागद पडतो: योनीमार्गाचा कॅन्सर, स्टेज तीन. डॉक्टर सांगतात, 'ऑपरेशन होणार नाही.' घरचे त्याचा अर्थ लावतात, 'आता काही उपयोग नाही. घरी घेऊन जा.'

हा अर्थ चुकीचा आहे. या आजारात पुढच्या टप्प्याचा मुख्य उपचार ऑपरेशन नसतोच. तो असतो रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात तो, आणि त्याच्या जोडीला केमो. आजार ओटीपोटापुरता असेल तर हा उपचार बरे करण्यासाठीच दिला जातो, नुसते दिवस ढकलण्यासाठी नाही. मात्र तो पूर्ण झाला पाहिजे, आणि वेळेत.

हा आजार नेमका कोणता?

योनीमार्ग म्हणजे गर्भाशयाच्या तोंडापासून बाहेरपर्यंतचा मार्ग. याच्या आतल्या अस्तरात सुरू होणारा कॅन्सर दुर्मिळ आहे. बायकांच्या जननेंद्रियांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये त्याचे प्रमाण साधारण १ ते २ टक्के. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे कितीतरी जास्त दिसतो. तो खाली पसरून योनीमार्गात येऊ शकतो, म्हणून गाठ मुळात कुठली हे डॉक्टर आधी तपासतात. गाठ गर्भाशयाच्या तोंडापर्यंत पोहोचलेली असेल तर आजार तोंडाचाच धरला जातो.

योनीमार्गाचे बहुतेक कॅन्सर 'स्क्वॅमस' प्रकारचे, म्हणजे अस्तराच्या चपट्या पेशींचे असतात. त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी एचपीव्ही हा विषाणू असतो, तोच जो गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरलाही कारण ठरतो. हा विषाणू अतिशय सर्वसामान्य आहे. संसारात असलेल्या कुठल्याही बाईला तो कधीतरी लागलेला असू शकतो. त्यामुळे हा आजार झाला म्हणून कुणाच्या चारित्र्यावर बोट दाखवण्याचे कारण नाही.

याशिवाय ग्रंथीच्या पेशींचा 'ॲडेनोकार्सिनोमा', रंगपेशींचा 'मेलॅनोमा' आणि स्नायूंचा 'सार्कोमा' असे प्रकार क्वचित दिसतात. मेलॅनोमा आणि सार्कोमाचा उपचार बराच वेगळा असतो. म्हणून तुकडा तपासणीच्या, म्हणजे बायोप्सीच्या रिपोर्टवर प्रकार कोणता लिहिलाय हे डॉक्टरांना जरूर विचारा. या लेखातली पुढची माहिती मुख्यतः स्क्वॅमस आणि ॲडेनो प्रकारांना लागू आहे.

पिशवी काढली तरी हा आजार होऊ शकतो

आपल्या भागात ही गोष्ट खास लक्षात ठेवायची आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय गाजला, तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारने समिती नेमली होती. सुमारे ८२ हजार महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. यातल्या अनेकींना 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल' अशी भीती घातली गेल्याचे तेव्हा समोर आले.

पिशवी काढली की गर्भाशय जाते, पण योनीमार्ग राहतोच. त्यामुळे पिशवी काढलेल्या बाईच्या अंगावरून लाल, तपकिरी किंवा दुर्गंधीचे पाणी जात असेल तर 'आता पिशवीच नाही, मग कसला कॅन्सर' असे म्हणून थांबू नका. आतून तपासणी करून घ्या. पिशवी काढताना तिच्या तोंडाशी कॅन्सर किंवा कॅन्सरपूर्व बदल आढळले असतील, तर पुढची अनेक वर्षे नियमित तपासणी लागते.

दुसरी गोष्ट. आतून गाठ किंवा जखम दिसली तर आधी तुकडा तपासायचा, ऑपरेशनचा विचार नंतर. निदान न होता घाईने केलेले अर्धवट ऑपरेशन पुढचा शेक अवघड करून ठेवते.

'ॲडव्हान्स' म्हणजे नेमका कुठला टप्पा?

टप्पा १: आजार योनीमार्गाच्या भिंतीपुरता.

टप्पा २: भिंतीच्या बाहेरच्या मांसल भागात शिरलेला, पण ओटीपोटाच्या हाडाकडच्या भिंतीपर्यंत न गेलेला.

टप्पा ३: ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोहोचलेला. ओटीपोटातल्या किंवा जांघेतल्या लसिका गाठींत आजार असेल तरी साधारणपणे याच टप्प्यात धरतात.

टप्पा ४ए: शेजारच्या लघवीच्या पिशवीत किंवा गुदाशयात (शौचाच्या मार्गात) शिरलेला.

टप्पा ४बी: फुप्फुस, यकृत, हाडे अशा दूरच्या अवयवांत पसरलेला.

टप्पा ३ आणि ४ए यांना डॉक्टर 'लोकली ॲडव्हान्स' म्हणतात. आजार वाढलेला आहे, पण आहे त्याच भागात. इथे उद्देश बरे करण्याचा असतो. टप्पा ४बी मध्ये उद्देश बदलतो. तिथे आजार आवरणे, त्रास कमी करणे आणि आयुष्य वाढवणे यासाठी उपचार असतात. म्हणून नुसते 'चौथी स्टेज' ऐकून हबकू नका. ४ए की ४बी, हे विचारा. दोन्हींत मोठा फरक आहे.

उपचाराआधी कुठल्या तपासण्या लागतात?

बायोप्सीनंतर ओटीपोटाचा एमआरआय, छाती-पोटाचा सीटी स्कॅन किंवा पेट-सीटी सांगितला जातो. लघवीची पिशवी किंवा गुदाशयात आजार गेल्याची शंका असेल तर दुर्बिणीने पाहतात. रक्तात हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचे काम, तपासतात.

क्रिएटिनिन महत्त्वाचे, कारण गाठीच्या दाबाने लघवीची नळी बंद होऊन किडनीला सूज येऊ शकते. तसे असेल तर आधी नळीत 'स्टेंट' बसवतात किंवा पाठीतून किडनीत बारीक नळी घालून लघवी मोकळी करतात. किडनी सुधारली की केमोचा मार्ग मोकळा होऊ शकतो. एचआयव्ही असला तरी कॅन्सरचा उपचार होतो. एआरटीच्या गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या.

ऑपरेशन का करत नाहीत?

योनीमार्गाच्या पुढे लघवीची पिशवी आणि मागे गुदाशय. मध्ये जागा फार थोडी. गाठ मोठी झाली की ती पूर्ण काढायची तर शेजारचे अवयवही काढावे लागतात. रेडिएशनने अवयव जागेवर ठेवून आजार मारता येतो. म्हणून 'ऑपरेशन होणार नाही' हे वाक्य ऐकले की लगेच पुढचा प्रश्न विचारा: 'मग शेक कधी सुरू करायचा?'

मुख्य उपचार: बाहेरून शेक, जोडीला केमो, शेवटी आतून शेक

याचे तीन भाग आहेत. तिन्ही मिळून एकच उपचार होतो.

पहिला भाग, बाहेरून शेक. रोज एकदा, आठवड्यातून पाच दिवस, असे साधारण २५ ते २८ वेळा. एकूण मात्रा ४५ ते ५० ग्रे. प्रत्येक वेळी मशीनखाली काही मिनिटे झोपायचे. दुखत नाही, भाजल्यासारखेही लागत नाही. गाठ योनीमार्गाच्या खालच्या भागात असेल तर जांघेलाही शेक देतात, कारण तिथला आजार आधी जांघेतल्या गाठींत जातो. वरच्या भागातला आजार ओटीपोटातल्या गाठींत जातो.

दुसरा भाग, केमो. शेक चालू असतानाच आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे औषध सलाईनमधून देतात. मात्रा शरीराच्या आकारमानावर ठरते. हे कमी मात्रेचे केमो शेकाची ताकद वाढवते. किडनी साथ देत नसेल तर दुसरे औषध वापरतात किंवा नुसता शेक देतात.

तिसरा भाग, ब्रॅकीथेरपी, म्हणजे आतून शेक. बाहेरच्या शेकाने गाठ आकसली की योनीमार्गात नळी बसवून, किंवा गाठ अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जाड उरली असेल तर तिच्यातच बारीक पोकळ सुया घालून, त्यातून किरणोत्सर्गी स्रोत काही मिनिटे आत पाठवतात. भूल दिलेली असते. सुयांच्या पद्धतीत एक-दोन दिवस दवाखान्यात राहावे लागू शकते. यामुळे गाठीला ७० ते ८० ग्रे किंवा त्याहून जास्त मात्रा मिळते आणि आजूबाजूचे आतडे, लघवीची पिशवी बऱ्यापैकी वाचते.

इथेच घोळ होतो. बाहेरचा शेक संपेपर्यंत रक्त जायचे थांबते, दुखणे कमी होते. बाई म्हणते, 'मला बरं वाटतंय.' घरचे म्हणतात, 'मग कशाला पुन्हा सुया टोचायच्या?' आणि आतला शेक राहून जातो. बाहेरून एवढी मात्रा देता येत नाही, दिली तर आतडे जळतात. आतला शेक राहिला तर गाठीचे मूळ शिल्लक राहण्याचा धोका मोठा असतो. क्वचित आतला शेक तांत्रिक कारणाने देता येत नाही. तेव्हा डॉक्टर दुसऱ्या पद्धतीने जादा मात्रा देतात. पण तो निर्णय डॉक्टरांचा, आपला नाही.

सात-आठ आठवड्यांचे गणित

पहिल्या शेकापासून शेवटच्या आतल्या शेकापर्यंत सगळे सात ते आठ आठवड्यांत संपावे, असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. मध्ये खंड पडला की उरलेल्या कॅन्सरपेशी पुन्हा वाढू लागतात आणि दिलेल्या शेकाचा परिणाम कमी होतो.

आपल्याकडे खंड कशाने पडतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पेरणी आली, घरात लग्न निघाले, मुकादमाची उचल घेतलीय म्हणून कारखान्यावर जायचे, रोजच्या एसटीचा त्रास, जुलाब लागले म्हणून चार दिवस घरी. म्हणून शेक सुरू होण्याआधीच घरात बसून ठरवा: या दोन महिन्यांत सोबत कोण राहणार, जनावरांचे कोण बघणार, राहायची सोय कुठे. लांबच्या गावाहून रोज ये-जा करण्यापेक्षा दवाखान्याजवळ राहिलेले बरे. त्रास झाला तर घरी निघून येऊ नका, डॉक्टरांना सांगा. जुलाब, उलटीवर औषध आहे.

रक्त कमी असेल तर शेकाचा परिणामही कमी होतो. म्हणून डॉक्टर हिमोग्लोबिन १० च्या वर ठेवायला बघतात आणि लागल्यास रक्त चढवतात. रक्त चढवायला नाही म्हणू नका. मिश्री आणि तंबाखू या काळात पूर्ण बंद. तंबाखूने शेकाचा गुण कमी येतो आणि त्रास वाढतो.

गुण किती येतो?

आजार दुर्मिळ असल्याने फक्त याच कॅन्सरवरच्या मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. पण जुन्या नोंदी आहेत. अमेरिकेतल्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये १९७० ते २००० या काळात रेडिएशन घेतलेल्या १९३ महिलांचा अभ्यास झाला. टप्पा ३ आणि ४ए मधल्या ५८ टक्के महिला पाच वर्षांनंतरही या आजाराने दगावलेल्या नव्हत्या. टप्पा २ मध्ये हे प्रमाण ७८ टक्के आणि टप्पा १ मध्ये ८५ टक्के होते. म्हणजे वाढलेल्या आजारातही निम्म्याहून जास्त.

केमो जोडण्याचा आधार गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमधून घेतला आहे, कारण दोन्ही आजार सारख्या पेशींचे आणि बहुतांश एकाच विषाणूचे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० महिलांवर चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. नुसता शेक घेतलेल्यांपैकी ४६ टक्के महिला पाच वर्षांनंतर हयात होत्या. शेकासोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन घेतलेल्यांत हे प्रमाण ५४ टक्के होते. दर शंभर बायकांमागे आठ जास्त.

हे आकडे सगळ्यांचे मिळून आहेत. तुमच्या घरच्या बाईचे काय होईल, हे तिचा टप्पा, गाठीचा आकार, तब्येत आणि उपचार पूर्ण झाला की नाही यावर अवलंबून असते.

त्रास कोणता होतो आणि त्यावर काय करायचे?

शेक चालू असताना: जुलाब, लघवीला जळजळ, थकवा, जांघेतली कातडी काळी पडणे किंवा सोलणे. पाणी भरपूर प्या. शेकाच्या जागी हळद, तेल, झंडू बाम, डेटॉल काही लावू नका. अंगावर काढलेल्या खुणा घासून पुसू नका, त्यावरच मशीनचा नेम असतो. सैल सुती कपडे वापरा.

केमोचा त्रास: मळमळ, उलटी, अशक्तपणा, कधी कानात आवाज किंवा हातापायाला मुंग्या. ताप १००.४ च्या वर गेला तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

खाण्यापिण्यात उगाच पथ्ये नकोत. 'अंडी गरम, डाळ वातूळ' असे म्हणून बाईला नुसत्या पेजेवर ठेवू नका. अंडी, डाळ, दूध, मासे-मटण, शेंगदाणे, जे पचेल ते द्या. जुलाब असतील तेवढे दिवस तिखट, तेलकट, कच्ची कोशिंबीर आणि दूध कमी करा.

नंतरचा त्रास: योनीमार्ग कोरडा आणि अरुंद होतो. त्यासाठी शेक संपल्यावर काही आठवड्यांनी 'डायलेटर' ही गुळगुळीत नळी वापरायला शिकवतात. लाज वाटते म्हणून टाळू नका. तिच्यामुळे पुढच्या तपासण्याही सोप्या होतात. तरुण बाईची पाळी बंद होते आणि मूल होण्याची शक्यता संपते, म्हणून हे बोलणे उपचाराआधीच झाले पाहिजे. काहींना महिन्या-वर्षांनी शौचातून किंवा लघवीतून रक्त जाते. मूळव्याध समजून गावठी उपाय करू नका. जिथे शेक घेतला तिथेच दाखवा.

'आयएमआरटी' या नव्या पद्धतीने आतड्याचा त्रास कमी होतो का? होतो. टाटा मेमोरियलच्याच, पिशवी काढलेल्या ३०० महिलांवरच्या चाचणीत नव्या पद्धतीत तीन वर्षांत आतड्याचा नंतरचा त्रास साधारण २१ टक्के, तर जुन्या पद्धतीत ४२ टक्के जणींना झाला. आजार पुन्हा उलटण्यात मात्र फरक नव्हता. म्हणजे सोय असेल तर नवी पद्धत घ्या, पण तिच्यासाठी महिनाभर थांबून राहू नका.

शेक घेतलेल्या बाईजवळ बसल्याने, तिच्या ताटात जेवल्याने, नातवाला मांडीवर घेतल्याने कुणालाही काही होत नाही. कॅन्सर स्पर्शाने पसरत नाही आणि घरी आल्यावर तिच्या अंगात किरणे उरलेली नसतात.

लघवी किंवा शौच योनीमार्गातून येऊ लागले तर?

टप्पा ४ए मध्ये काहींना असे छिद्र पडते. अशा वेळी शेकाआधी पोटावर शौचाची पिशवी काढून देतात, म्हणजे जखम कोरडी राहते आणि उपचार पुढे नेता येतो. लघवीसाठीही पर्यायी मार्ग करता येतो.

शेक घेतल्यानंतर त्याच जागी आजार उलटला आणि इतर कुठेही पसरलेला नसेल, तर 'पेल्व्हिक एक्झेंटरेशन' हे मोठे ऑपरेशन करतात. त्यात योनीमार्गासोबत लघवीची पिशवी, गुदाशय किंवा दोन्ही काढावे लागतात. पुढे आयुष्यभर पोटावर पिशवी राहते. हे मोजक्याच महिलांना जमते आणि मोजक्याच मोठ्या केंद्रांत होते. नीट विचार करून, बाईचे स्वतःचे मत घेऊन ठरवायची ही गोष्ट आहे.

आजार दूर पसरला असेल तर

टप्पा ४बी मध्ये केमो हा मुख्य उपचार. सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन यासोबत पॅक्लिटॅक्सेल, साधारण तीन आठवड्यांनी एकदा. काहींना बेव्हॅसिझुमॅब जोडतात. गाठीवर 'पीडी-एल१' तपासणी करून इम्युनोथेरपीचाही विचार होतो, पण ती औषधे फार महाग आहेत. जमीन विकण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा: 'यानं किती फरक पडेल आणि किती दिवसांचा?' हा प्रश्न विचारण्यात काही कमीपणा नाही.

बाईची तब्येत खालावलेली असेल, ती दिवसभर अंथरुणाला असेल, तर केमो न देणे हासुद्धा योग्य वैद्यकीय निर्णय असू शकतो. पण तेव्हाही उपचार संपत नाहीत.

रक्तस्राव: आत बोळा भरून दाब देतात, ट्रॅनेक्सामिक ॲसिड देतात आणि एक ते पाच दिवसांचा छोटा शेक देतात.

वास: मेट्रोनिडॅझोल या औषधाने दुर्गंधी बरीच कमी होते. वासामुळे बाई एका खोलीत पडून राहते, म्हणून हे जरूर विचारा.

वेदना: क्रोसिनने भागत नसेल तर मॉर्फिनच्या गोळ्या आहेत. कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीत घेतल्या तर त्यांचे व्यसन लागण्याची भीती बाळगू नका. २०१४ च्या कायदा दुरुस्तीनंतर त्या मिळण्यातल्या अडचणी कमी झाल्या. त्यांनी शौचाला घट्ट होते, म्हणून सोबत रेचक लागते. अनेक जिल्हा रुग्णालयांत पॅलिएटिव्ह केअर विभाग आहे, तिथे चौकशी करा.

कुठे जायचे, खर्च कसा भागवायचा?

सुरुवात जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातून करा. आशाताईंना सोबत घ्या. पुढे ब्रॅकीथेरपीची सोय असलेले केंद्र पाहा. नुसता बाहेरचा शेक मिळत असेल तर आतला कुठे मिळेल, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईत परळचे टाटा मेमोरियल ही कॅन्सरसाठीची जुनी-जाणती ठिकाणे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचाराचे संरक्षण आहे. कॅन्सरचे ऑपरेशन, केमो आणि शेक यात येतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. एमआरआयसारख्या तपासण्यांचे पैसे भरावे लागतील का, हेही तेव्हाच विचारा. योजनेचा टोल फ्री क्रमांक १५५३८८.

धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. मुख्यमंत्री सहायता निधीतही अर्ज करता येतो. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी जाता-येता तिकिटात मोठी सवलत असते, सोबतच्या एका माणसालाही. त्याचा फॉर्म दवाखान्यातून भरून मिळतो. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहेच. मुंबईत राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांचा अनेक रुग्णांना आधार आहे.

ताबडतोब दवाखाना गाठा, १०८ ला फोन करा

- तासाभरात कापड किंवा पॅड भिजेल एवढे रक्त जाणे
- दिवसभर लघवी न होणे किंवा अंगावर सूज
- केमो चालू असताना ताप, थंडी
- एकाच पायाला अचानक सूज आणि दुखणे, धाप लागणे
- उलट्यांमुळे पाणीही न टिकणे

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, कागदावर लिहून न्या

१. टप्पा कोणता? ४ए की ४बी?
२. उपचार बरे करण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी?
३. किडनी कशी आहे? केमो देता येईल का?
४. शेक कधी सुरू, कधी संपणार? आतला शेक कुठे, किती वेळा?
५. योजनेत काय बसते, काय नाही?
६. नंतर तपासणीला कधी यायचे?

शेवटच्या प्रश्नाचे साधारण उत्तर असे: पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी किंवा डॉक्टर सांगतील तसे, नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. आजार उलटायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांतच उलटतो. म्हणून बरे वाटतेय म्हणून ही फेरी चुकवू नका.

घरातल्या इतर बायकांसाठी

तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर महिलांना घेऊन मोठा अभ्यास झाला आणि २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष जगभर वाचले गेले. ज्या गटाला एकदा एचपीव्ही तपासणी दिली, त्या गटात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आपल्याच गावांतल्या बायकांनी जगाला हे दाखवून दिले आहे. तिशी ओलांडलेल्या सुना-लेकींची तपासणी करून घ्या, आणि ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या एचपीव्ही लसीबद्दल आरोग्य केंद्रात विचारा.

(ही माहिती सर्वसाधारण जाणीवेसाठी आहे. औषध, मात्रा आणि उपचाराचा क्रम प्रत्येक रुग्णाचा वेगळा असतो. कोणताही निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा. योजनांचे नियम बदलत असतात, जाण्याआधी खात्री करून घ्यावी.)